घरांतली सहावी सूना

विमानांच्या गोंगाटाविषयीं रिसोडसारख्या गांवांतील एका निवृत्त शिक्षकानें लिहावें, हें पाहून कांहीं वाचकांस हसूं येईल. आमच्या गांवीं विमानतळ नाहीं, आगगाडीसुद्धां नाहीं. गाडी धरावयाची तर वाशीम किंवा अकोला गांठावें लागतें. विमान म्हणजे सोयाबीन-तुरीच्या शेतांवरून फार उंच गेलेली एक पांढरी रेघ, एवढाच आमचा त्याचा परिचय. असें असतां मी या विषयास हात कां घालीत आहें, तें सांगतों.

मीं तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत शिकविलें. ‘पंचसूना’ हा शब्द फळ्यावर लिहिला कीं वर्गांत हटकून हंशा पिके. मुलांस वाटे, एका घरांत पांच सुना आल्या! सूना म्हणजे जीवहत्येचें स्थान. चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर हीं पांच स्थानें प्रत्येक गृहस्थाच्या घरीं असतात व त्यांच्यापायीं नकळत लहान जीव मरतात, असें मनुस्मृतींत सांगितलें आहे. परंतु म्हणून चूल विझवा, असें स्मृतिकार म्हणत नाहीं. तो म्हणतो, रोज पंचमहायज्ञ करा. त्यांत भूतयज्ञ आला, पशुपक्ष्यांचा घांस काढून ठेवणें आलें. हा धडा मीं कितीदां तरी शिकविला. त्याचा अर्थ मात्र मला उतारवयांत कळला.

२०२३ सालच्या हिंवाळ्यांत माझी पत्नी एकाएकीं अत्यवस्थ झाली. मुलगा मुंबईस, घाटकोपरला. सकाळीं त्याला फोन केला. दुपारच्या विमानानें तो नागपुरास उतरला आणि तेथून मोटारीनें रात्रीं घरीं पोहोंचला. तिनें त्याला ओळखलें, त्याच्या हातून दोन चमचे पाणी घेतलें, आणि पहाटे तिची प्राणज्योत मालवली. तो आगगाडीनें आला असता तर ही भेट घडली नसती. म्हणून विमानास मी कधीं नांवें ठेवणार नाहीं. त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

दहाव्या दिवशीं पैनगंगेच्या कांठीं पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत बसलों. कावळा झाडावर होता, पण खालीं येईना. मुलगा, जांवई, भाऊबंद, सारे हात जोडून एका पक्ष्याची विनवणी करीत होते. शेवटीं मुलगा म्हणाला, “आई, बाबांना मी एकटें ठेवणार नाहीं.” आणि कावळा खालीं आला.

तो शब्द पाळावा म्हणून पुढच्या उन्हाळ्यांत त्यानें मला घाटकोपरास नेलें. घर चांगलें, हवेशीर. परंतु सांताक्रूझच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांची वाट त्या भागावरून जाते. कांहीं मिनिटें शांततेचीं गेलीं न गेलीं तोंच पुढचें विमान येई. तावदानें थरथरत. बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येंच थांबे, आणि विमान गेलें कीं त्याच शब्दापासून पुढें बोलूं लागे. घरांत कोणास त्याचें भानही नव्हतें. पाळण्यांतली नात मात्र दर खेपेस दचके. सूनबाई म्हणाली, “बाबा, होईल तिला संवय.”

या ‘संवय’ शब्दानें मी अस्वस्थ झालों. मनास संवय होते. शरीरास ती पुरती होत नाहीं. रात्रींच्या आवाजानें झोंप मोडते, रक्तदाब वाढतो, असें वैद्यकशास्त्र सांगतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानें २०१८ सालीं शिफारस केली कीं, विमानांचा रात्रींचा सरासरी आवाज घराबाहेर ४० डेसिबलांच्या आंत असावा. त्याच वर्षीं आपल्या सरकारनें गजबजलेल्या विमानतळांसाठीं जी मर्यादा घातली, ती दिवसा ७० व रात्रीं ६५ डेसिबलांची. दर दहा डेसिबलांस ध्वनीची शक्ति दहापट होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ४० आणि ६५ यांतील अंतर किती, तें समजेल.

तशांत २० मे २०२४ ची रात्र आली. उतरणाऱ्या एका विमानाची आणि रोहित पक्ष्यांच्या थव्याची घाटकोपरावर आकाशांत गांठ पडली. विमान सुखरूप उतरलें. पक्षी मात्र चाळिसांच्या घरांत मेले आणि वस्तींत ठिकठिकाणीं येऊन पडले. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांतलें तें गुलाबी पंखांचें चित्र पाहतांना मला पैनगंगेचा कांठ आठवला. तेथें आम्ही एका पक्ष्यापुढें हात जोडले होते. आणि येथें, ज्या वाहनानें माझ्या मुलास आईचें मुख दाखविलें, तसल्याच वाहनाखालीं एवढे पक्षी गेले. त्या दिवशीं मला पंचसूनेचा धडा समजला. चूल-जात्याप्रमाणें विमान हीही आतां आमच्या घरची सूना झाली आहे, सहावी. ती बंद करतां येणार नाहीं. पण मग तिचा भूतयज्ञ कोणता?

शोध घेऊं लागलों तेव्हां कळलें कीं, जगानें याचा विचार पुष्कळ केला आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनें २००१ सालीं चार उपाय एकत्र सांगितले: विमानाचीं यंत्रेंच कमी आवाजाचीं करणें; विमानतळाभोंवतीं घरें व शाळा वाढूं न देणें; चढण्या-उतरण्याच्या वाटा वस्ती टाळून आंखणें; आणि एवढ्यानें न भागल्यास उड्डाणांच्या वेळांवर बंधन घालणें. जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथें २०११ पासून रात्रीं अकरा ते पहाटे पांचपर्यंत नियोजित उड्डाणें बंद आहेत. तेथला व्यापार त्यामुळें बुडालेला नाहीं.

सर्वांत नवल वाटलें तें हॉलंडचें. अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्खिफोल विमानतळावर २००३ सालीं नवी धावपट्टी झाली आणि जमिनीलगत पसरणाऱ्या घरघराटानें दूरदूरचे लोक हैराण झाले. मग ध्यानांत आलें कीं, शरद ऋतूंत भोंवतालचीं शेतें नांगरलीं म्हणजे हा आवाज कमी होतो. नांगरटीच्या सऱ्या-वरंब्यांनीं तो विखुरतो. तेव्हां तेथें मुद्दाम पुरुषभर उंचीचे मातीचे वरंबे रांगेनें घालून २०१३ सालीं एक उद्यानच उभारलें. आमच्या रिसोडच्या शेतकऱ्यास मीं हें सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, म्हणजे नांगरानं विमानालाबी गप्प केलं म्हणा कीं!”

आवाजाची ही कथा. पक्ष्यांचें कोडें याहून कठीण. धावपट्टीजवळ पक्षी असणें विमानास धोक्याचें, आणि पाणथळी बुजविणें पक्ष्यांस धोक्याचें. याचें मोठें उदाहरण नवी मुंबईचें. तेथला विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उघडला आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणें सुरू झालीं. त्यासाठीं सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेंकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळविला, खारफुटीचा काहीं भाग गेला, दहा गांवें उठलीं. जवळच ठाण्याची खाडी आहे. तिचा कांहीं भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य झाला व २०२२ सालीं रामसर यादींत गेला. भरतीच्या वेळीं खाडींतला चिखल पाण्याखालीं गेला म्हणजे हे पक्षी आसपासच्या पाणथळींत विसाव्यास जातात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या जाणत्या संस्थेचें म्हणणें असें कीं, या पाणथळी राखल्या पाहिजेत. त्या बुजविल्या तर पक्षी नाहींसे होत नाहींत, दुसरी जागा शोधीत भलत्याच वाटेनें उडूं लागतात. म्हणजे पक्ष्यांचा घांस राखणें, यांतच प्रवाशाचेंही रक्षण आहे. स्मृतिकाराचा भूतयज्ञ येथें अक्षरशः व्यवहाराचा ठरतो.

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून आज विमान हें नित्याचें झालें आहे. कोणाचा मुलगा पुण्यास, कोणाची मुलगी अमेरिकेंत. आपणच या सूनेचे यजमान आहों, म्हणून प्रायश्चित्तही आपलें. तिकिटांत विमानतळाचें शुल्क आपण भरतोंच. त्यांतील अंश खालच्या घरांच्या तावदानांस, शाळांस आणि पाणथळींस निश्चितपणें जावा, अशी मागणी आपण प्रवाशांनींच करावयास हवी. खालीं राहणाऱ्यानें ती केली तर तक्रार ठरते. वरून जाणाऱ्यानें केली तर तिला निराळें वजन येतें.

मुलगा म्हणतो, “बाबा, या खेपेस विमानानें या, नव्या विमानतळावर उतरा.” मीं त्याला कळविलें आहे कीं, कामाची घाई नाहीं, तेव्हां वाशीमहून गाडीनेंच येईन. उद्यां घाईचेंच कारण पडलें तर विमानांत बसेन. मागें पडलें तेव्हां तो बसला नव्हता काय? पण खिडकींतून खालीं पाहतांना, तेथें कोणाची तरी नात दचकली असेल, एवढें मात्र विसरणार नाहीं.

पत्नी अंगणांत पक्ष्यांसाठीं भाताची मूद ठेवी. ती आतां मी ठेवतों.