जागता तबला

गेल्या पावसाळ्यानंतर प्रस्तुत लेखकाचा उजवा खांदा आखडला. वाजवताना फारसा त्रास नाही. तबल्याला बोटं लागतात, मनगट लागतं. पण पिशवी उचलायला गेलं की हात अर्ध्यातच थांबतो. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. शिसवीचं खोड चार किलोच्या घरातलं, पितळी डग्गा त्याच्या खालोखाल, वर हातोडी, चुंबळी, पावडर, पंचा आणि दुसरा तबला. तीस-बत्तीस वर्षं ही पिशवी एसटीच्या सीटखाली नाहीतर रेल्वेच्या वरच्या बर्थवर त्याच्याबरोबर हिंडली. आता ती त्याची शिष्या उचलते. अकरावीतली मुलगी, अंगाने बारीक.

नाशिकहून परतताना तिने विचारलं, “सर, हा दुसरा तबला आपण वाजवतो कधी?”

“वाजवायला नाही गं. असावा म्हणून.”

तिने पुढे काही विचारलं नाही. घरी येऊन पिशवी सोडवताना त्याला मात्र आपलंच उत्तर पटेना. ‘असावा म्हणून’ नेलेल्या त्या तबल्याने एकदा त्याला ऐन मैफलीत दगा दिला होता, आणि ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितलेली नव्हती.

स्वर बदलतो म्हणून लागणारा तबला वेगळा आणि फुटला तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला वेगळा. पहिल्याबद्दल वाद नाही. गायक काळी एकचा, पुढे गाणारी बाई काळी चारची किंवा पाचची, अशा नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात दोन तोंडांचे दोन तबले घेऊनच बसावं लागतं. त्यांतला एक फुटला तर दुसरा उपयोगाचा नाही, कारण त्याचा स्वरच निराळा. खरा प्रश्न त्याच स्वराच्या जोडीच्या तबल्याचा. धंद्यातले निम्मे लोक तो नेतात, निम्मे नेत नाहीत. न नेणारे म्हणतात की पुडी वेळच्या वेळी बदलणाऱ्याला भीती कसली. यात तथ्य आहे. चाटेची कड केसाएवढी उकलू लागली की कळतं. शाई एका बाजूने सुटू लागली की नादात बारीक झर्र येतं, तेही कळतं. कळूनही ‘एवढी एक मैफल काढू’ म्हणणारे आपणच असतो.

तो दिवस जुलैचा होता. गाव लहान, नाट्यगृह जुनं, बाहेर संततधार. विलंबित छान झालं. द्रुत तीनतालात तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला ‘ना’ मारताना चाट फाटली. आवाज फार झाला नाही, एक चिरका फटका आणि मग नुसतं चामडं. जोडीचा तबला होता. ग्रीन रूममध्ये, खोळीत, खुंटीखाली. संध्याकाळी पाच वाजता त्याने तो स्वतः काळी एकला चोख लावून ठेवलेला होता. एका मुलाने धावत आणून दिला. याने चाटेवर बोट मारलं आणि पोटात गोळा आला. तबला अर्ध्या स्वराने उतरलेला.

कारण कुणाही तबलावाल्याला माहीत असलेलंच. हातातला तबला दोन तास मंचावरच्या दिव्यांच्या उबेत होता, वाजत होता, आणि अधूनमधून गजऱ्यावर हातोडी पडत होती. दुसरा ओल्या भिंतीशी बंद. चामडं हवेतला ओलावा पितं आणि सैलावतं. पुढची तीन-चार मिनिटं त्याने गठ्ठे ठोकण्यात घालवली. सोळा घरं फिरून समोरासमोर मिळवायची, तीही भरल्या सभागृहात, तानपुरे चालू असताना. पेटीवाल्याने स्वर धरून ठेवला. गायकाने ठेक्याशिवाय आलापीला हात घातला आणि शांतपणे मध्यसप्तकात फिरत राहिला. त्या माणसाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, याबद्दल हा आजही त्याचा ऋणी आहे.

तबला लागला, ठेका सुरू झाला आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्या याला आवडल्या, हे सांगायला हवं. पुढची काही वर्षं मंचावर तबला मिळवताना गरज नसलेला एखादा ठोका तो जास्त मारत असे. मान कलती करून, डोळे मिटून, लोकांना दिसेल असा.

त्या रात्रीपासून एकच प्रश्न त्याच्या डोक्यात घर करून बसला आहे. दुसरा तबला नेणं सोपं आहे. तो सुरात ठेवायचा कसा? वाजणारा तबला तासाभरात आपली जागा धरतो. न वाजणारा हवेच्या मर्जीवर असतो. हिवाळ्यात मांडवातली साथ आठवा. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चाले. त्या काळी डिसेंबरातल्या पहाटे साथीला बसलेल्या वादकाला हातातला एक तबला सांभाळणंही जड जाई. तिथे शेजारी झाकून ठेवलेला तबला पहाटेपर्यंत काय होऊन बसत असेल, हे सांगायला नको.

याने काय काय करून पाहिलं! लोकरीत गुंडाळला. खोळीत तांदळाची पुरचुंडी ठेवली. पाव स्वर चढवून ठेवला, म्हणजे उतरला तरी जागेवर येईल. तर त्या दिवशी सभागृह वातानुकूलित निघालं आणि चामडं सुकून तबला आणखी चढला. नटबोल्टचा तबला घेऊन पाहिला. पाना फिरवला की स्वर हलतो हे खरं, पण वादी-गठ्ठ्यांतून घराघराचा ताण जसा हाताला सांगतो तसा तो सांगत नाही. कृत्रिम पुडीला ओल लागत नाही, पण तिचा नाद याच्या कानाला कोरडा लागतो. यावर कुणी वाद घालायला आलं तर तो बसायला तयार आहे.

सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये आणि पुढे १९३४ साली सविस्तर लिहून दाखवलं की, शाईच्या बोज्यामुळे आपल्या चर्मवाद्यांतून सुसंवादी उपस्वर निघतात, साध्या ताणलेल्या चामड्यातून ते तसे निघत नाहीत. म्हणून तर आपण तबला ‘सुरात’ लावतो म्हणतो, आणि म्हणूनच तो जरासा हलला तरी लपत नाही. ढोलाची कातडी थोडी सैलावली तर मिरवणूक थांबत नाही. तबला पाव स्वराने उतरला की गाणाऱ्याच्या कपाळावर आठी येते.

व्हायोलिनवाल्यांचा त्याला हेवा वाटतो. २६ जुलै १९८६, अमेरिकेतलं टँगलवुड. चौदा वर्षांची मिदोरी लेनर्ड बर्नस्टाइनचं ‘सेरेनेड’ वाजवत होती आणि समोर वाद्यवृंद चालवायला खुद्द बर्नस्टाइन. शेवटच्या भागात तिची सर्वांत वरची तार तुटली. तिने शेजारच्या प्रमुख वादकाचं स्ट्रॅडिव्हेरियस घेतलं. त्याचीही तार तुटली. मग त्याच्या उपप्रमुखाचं ग्वाडानिनी घेतलं आणि रचना पूर्ण केली. तिच्या धीराचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण याचं लक्ष त्या दोन व्हायोलिनांकडे जातं. ती पिशवीत नव्हती. त्याच क्षणी, त्याच हवेत, त्याच स्वरात वाजत होती.

बी. बी. किंग यांनी १९८५ च्या ‘फार्म एड’मध्ये तार तुटल्यावर दुसरी गिटार मागवलीच नाही. गाणं चालू ठेवून त्यांनी मंचावरच नवी तार चढवली. हे दृश्य याने कितीदा पाहिलं असेल! पण पुडी म्हणजे तार नव्हे, ती गाता गाता बदलता येत नाही.

परदेशात आणखी वेगळं. अमेरिकेत १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं असोत की एखाद्या शहरातल्या मराठी मंडळाचा गणपती, हातोडी विमानात जवळ बाळगता येत नाही आणि वजनाची मर्यादा असते, म्हणून दुसरा तबला घरीच राहतो. मग तिथलाच कुणी हौशी वादक आपला तबला आणून देतो. तो मनापासून आणतो आणि पुडीवर प्रेमाने हात फिरवतो. पण त्या तबल्याचा स्वर, तोंड आणि बोटांखालची चाट यांच्याशी मैत्री व्हायला पहिला अर्धा तास जातो.

हल्ली काही तरुण वादक मंचावर चार-चार तबले अर्धगोलात मांडतात. त्यातले काही खरोखर वाजवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. काहींचे दोन तबले मात्र शेवटपर्यंत छायाचित्रापुरतेच असतात. याच्याही मनात पूर्वी याच्या उलट एक अहंकार होता: दुसरा तबला लोकांना दिसला तर आपला आपल्या हातावर आणि आपल्या कारागिरावर भरवसा नाही असं वाटेल. म्हणून तो आत लपवलेला. जुलैतल्या त्या रात्री तबला उतरला तो ओलीने, आणि ओलीत ठेवला तो या दिखाऊपणाने. हे कबूल करायला त्याला बारा वर्षं लागली.

तानपुऱ्याबद्दलही त्याला बोलायचं आहे. मिरजेच्या सितार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा त्याला आनंद झाला. त्याच मिरजेच्या आसपासच्या गावांत तो साथीला जातो तेव्हा गायकाच्या मागे पुष्कळदा फोन वाजत असतो. दोन तानपुरे असले तर एकाची तार तुटली तरी दुसरा स्वर धरून असतो. फोनच्या तानपुऱ्याला हा सोबती नाही. एकदा भर आलापात फोन आला आणि क्षणभर सगळ्यांचा आधारच गेला.

झाकिर हुसेन यांचे तबले मुंबईचे हरिदास व्हटकर दोन दशकांहून अधिक काळ घडवत होते. मूळचे मिरजेचे, घराण्याचा हा व्यवसाय. अशी नाती वाचली की याला आपला पुडीवाला आठवतो. आता नीट दिसत नाही म्हणून तो बारीक काम घेत नाही, आणि मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला. जोडीच्या तबल्याच्या मागे उभा असलेला माणूस तो होता. संध्याकाळी सातला फोन केला तरी रात्री पुडी मढवायला बसणारा.

तोडगा शेवटी निघाला तो शिष्येकडून, तोही न विचारता. डिसेंबरातल्या एका कार्यक्रमात ती नेहमीप्रमाणे मागे बसली होती. मध्यंतरानंतर याच्या कानावर मागून अगदी हलका ठोका आला. वळून पाहिलं तर दुसरा तबला खोळीबाहेर, तिच्या मांडीशी, पंच्यावर ठेवलेला. दोन बंदिशींमधल्या टाळ्यांत ती चाटेवर बोट टेकवून तानपुऱ्याशी ताडून पाहत होती आणि गजऱ्यावर हातोडी हळूच टेकवत होती. टाळ्या थांबल्या की हातही थांबत होता. घरी जाताना त्याने विचारलं, हे कुणी सांगितलं? “कुणी नाही सर. झोपू नये म्हणून.”

हे त्याला तीस वर्षांत सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी दुसऱ्या कुणाला तबल्याला हात लावू दिला असता की नाही, याची त्याला खात्री नाही. मंचावर त्याच्या मागे कुणी हातोडी घेऊन बसलेलं त्याला पूर्वी सहन झालं नसतं.

आता शुक्रवारी काळी एकची मैफल आहे. मुख्य तबल्याच्या शाईच्या काठावर बारीक चीर दिसली म्हणून सोमवारी त्याने तो पुडी बदलायला दिला. नवी पुडी बसायला पंधरा-वीस दिवस तरी वाजवावी लागेल. म्हणजे शुक्रवारी समोर असेल तो दुसराच तबला, आणि मागे तिच्या मांडीशी ठेवायला काळी एकचं काहीच नाही. शेजारच्या पेठेतल्या एका वादकाकडे त्याच तोंडाचा एक जुना तबला आहे. त्याच्याशी आठ वर्षं बोलणं नाही. काल रात्री याने त्याला फोन केला.