चाकांवरचे घर आणि निलगिरीची थंडी

म्हैसूरला जाणारा प्रवासी राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन बाग पाहून समाधानाने परततो. रेल्वे स्थानकाजवळ, कृष्णराजसागर रस्त्यावर १९७९ साली सुरू झालेले रेल्वे संग्रहालय मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. तेथे महाराणींचा १८९९ सालचा खास डबा जतन करून ठेवला आहे. स्वयंपाकघर, भोजनाची जागा, शौचगृह अशी सारी व्यवस्था त्यात आहे. घर बरोबर घेऊन हिंडण्याची हौस किती जुनी आहे, याची त्यावरून कल्पना येते.

आता ही हौस राजघराण्यांपुरती उरलेली नाही. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे आखली आणि भाड्याच्या गाडीत सहकुटुंब मुक्काम करणे सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागले. म्हैसूरहून अशी गाडी घेऊन उटी गाठावी, असा बेत सहज मनात येतो. परंतु म्हैसूरची उंची सुमारे ७७० मीटर, तर उटीची सुमारे २,२४० मीटर आहे. दर हजार मीटरला हवा साधारणतः साडेसहा अंशांनी थंड होत जाते. त्यामुळे म्हैसूरात शाल पुरेशी वाटते, त्याच जानेवारीच्या रात्री उटीच्या सखल भागातील गवतावर दहिवर गोठलेले आढळते. शिवाय बंदीपूरच्या अरण्यातून रात्री ९ ते सकाळी ६ पर्यंत वाहतुकीस २००९ सालापासून मनाई आहे. थंडी सोसवली नाही म्हणून त्या वाटेने मध्यरात्री परत फिरता येत नाही. म्हणून गाडी निवडतानाच विचार केलेला बरा.

मऊ गाद्या आणि दूरदर्शन संच पाहून भुलू नये. प्रथम भिंतींची चौकशी करावी. नुसता पत्रा रात्री बर्फासारखा गार पडतो. आतील व बाहेरील पत्र्यांमध्ये फोमचा जाड थर असला तर ऊब टिकते. जमिनीखालूनही वारा वाहत असतो, म्हणून तळालाही तसाच थर हवा. खिडक्यांना दुहेरी काच असावी. नसल्यास जाड पडदे तरी असावेत. मोटारीमागे जोडून ओढायचे घर घाटाच्या अरुंद वळणांवर, विशेषतः मागे घेताना, नवख्याला जड जाते. तेथे एकसंध गाडीच सोयीची.

ऊब कोंडण्याच्या भरात हवा मात्र कोंडू नये. चार माणसांच्या श्वासातून एका रात्रीत सुमारे लिटरभर पाणी बाहेर पडते. ते थंड पत्र्यावर साचून गाद्या ओलसर करते. छतावरील झरोका थोडा उघडा ठेवणे हाच त्यावरचा उपाय होय.

याहून गंभीर धोका विषारी वायूचा. शेगडीतील कोळसा किंवा जनित्राचे इंधन जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनित्रातून आत शिरलेला हा वायू त्यांच्या मृत्यूस कारण ठरला. म्हणून शेगडी गाडीत कदापि पेटवू नये आणि निजताना जनित्र बंद असावे. उष्णतेचे यंत्र घ्यायचेच तर ज्वलनाची हवा बाहेरून घेणारे व धूर बाहेर सोडणारे घ्यावे. या वायूची सूचना देणारी घंटाही गाडीत बसवलेली असावी. ती वाजते की नाही, हे म्हैसूर सोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

एवढी काळजी घेतल्यावर रजई आणि आपली घोंगडी सोबत असली, की लहान मुलांनाही तेथील रात्र सुखाची जाते.