नुसत्या वासानं!

अहो, हातातलं काम ठेवा बाजूला आणि हे ऐका! नीलगिरीच्या तेलाच्या नुसत्या वासानं बी रुजायचं थांबतं! तेल बियांना लागलेलंसुद्धा नाही! नुसता वास!

मला यातलं ओ की ठो कळत नाही, आधीच सांगते. पण सर्दीसाठी आणलेली बाटली घरात होती, लाडवांतून उरलेले अळीव होते, आणि मग काय, दोन पारदर्शक डब्यांत ओला टिश्यू पेपर अंथरला, त्यावर अळीव पसरले, आणि मग एका झाकणाला आतून कापसाचा बोळा चिकटवून त्यावर तेलाचे थेंब टाकले, आणि मग दोन्ही झाकणं गच्च लावून बसले बघत, बारावीच्या निकालाची वाट बघावी तशी!

साध्या डब्यात काय सोहळा! अळीव फुगले, भोवती तो बुळबुळीत थर, त्यातून पांढरं मूळ, आणि मुळाला लव! चक्क लव! आणि मग हिरवी पानं, प्रत्येकाला तीन तीन टोकं! इतके लाडू खाल्ले, हे कुणी सांगितलं होतं का?

आणि वासाच्या डब्यात? फुगले तेही. पण मुळाचं टोक डोकावलं आणि तिथंच तपकिरी पडलं!

म्हणे तेलातल्या सिनिओलची ही करामत! चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात तर नीलगिरीचं तेल गाजरगवतावर वापरून पाहिलंय. आपलं गाजरगवत! आणि शहाजिऱ्याच्या चुलत भावात, कॅरवेत, कार्वोन नावाचं वासाचं द्रव्य असतं, त्यानं नेदरलँड्समध्ये साठवणीतल्या बटाट्यांचे मोड रोखलेत, आणि तेच कार्वोन आपल्या बाळंतशेपेतही!

आणि वासाच्या या करामतीवरून शास्त्रज्ञांत भांडणही झालंय! कॅलिफोर्नियात साल्व्हियाच्या झुडपांभोवती गवतच उगवत नाही, नुसती बोडकी जमीन. १९६४ मध्ये कॉर्नेलियस मुलर म्हणाले, झुडपाच्या वासामुळे! आणि मग १९७० मध्ये बार्थोलोम्यूंनी तिथं जाळीचे पिंजरे ठेवले, तर आत गवत उगवलं! म्हणजे उंदीर-पाखरंच फस्त करत होती! माझा डबा मुलरांच्या बाजूचा, पण डब्यात उंदीर कुठून येणार?

आता तुमची पाळी! मोहरी घ्या, मेथी घ्या, थेंब कमी-जास्त करा. बाटली मात्र पोरांच्या हाती लागू देऊ नका, हे तेल पोटात गेलं तर विषारी असतं. आणि काय रुजलं ते लगेच कळवा, रात्री अकराला फोन केलात तरी चालेल!