बारा की ब्याण्णव?

यंत्राचे सगळे अवयव एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. सीएनसी मिलिंग मशीनचा बिडाचा पाया तीस-चाळीस वर्षे सहज टिकतो. त्यावरचा कंट्रोलर मात्र पंधरा-वीस वर्षांतच सुटे भाग मिळेनासा होऊन अनाथ होतो. जुन्या कंट्रोलरची स्मृती तर एका बॅटरीच्या आधाराने जगत असते.

माझ्या धाकट्या भावाच्या भोसरीतील वर्कशॉपमध्ये असे एक जुने मशीन आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत ते बंद असताना बॅटरी संपली आणि सगळे पॅरामीटर पुसले गेले. पॅरामीटर म्हणजे यंत्राला असलेले स्वतःचे ज्ञान : टेबल कुठवर सरकते, स्क्रूच्या एका फेऱ्यात किती अंतर जाते, दिशा उलटताना किती ढिलाई भरून काढायची. या ढिलाईला बॅकलॅश म्हणतात. ती भरून काढली नाही तर गोल कापताना अक्ष जिथे दिशा बदलतो तिथे, म्हणजे चारही बाजूंना, बारीक खुणा उमटतात. मशीन भंगारात काढायचे की ठेवायचे, हे आता एका तेलकट वहीवर अवलंबून होते. ती लिहिणारे ऑपरेटरकाका हयात नव्हते.

भावाने वही माझ्यापुढे ठेवली, कारण आकडे लागत नव्हते. इंग्रजी नऊ आणि मराठी एक दिसायला जुळे. दोनचा आकडा दोन्ही लिप्यांत जवळपास सारखाच. तेव्हा बॅकलॅश बारा मायक्रॉन की ब्याण्णव? त्याच पानावरचे पाच आणि आठ निःसंशय मराठी होते. हस्तलिखितांच्या पाठनिश्चितीत आपण असाच अंतर्गत पुरावा शोधतो. मी बारा म्हटले.

भावाने मान डोलावली, पण तो आकडा भरला नाही. भरपाई शून्य ठेवून त्याने टेबलाला डायल लावला, एका दिशेने सरकवले, मग उलट. काटा हलेपर्यंत तीसच्या वर मायक्रॉन वाया गेले. पाठ अचूक होता. पण तो काकांच्या काळातल्या स्क्रूचा होता. मधल्या वर्षांत लोखंड झिजले होते.

तीस भरून मोकळे होता आले असते. पण कंट्रोलरमधली भरपाई ढिलाई झाकते, घालवत नाही. कटर टेबलाला स्वतःकडे ओढू लागला की ती पुन्हा उघडी पडते. म्हणून आधी स्क्रूच्या टोकाचे बेअरिंग बदलले, नट घट्ट केला आणि उरलेली ढिलाई पुन्हा मोजली. जुन्या मोटारी तशाच ठेवून, कंट्रोलरच्या जागी साधा संगणक आणि लिनक्ससीएनसी ही मुक्त प्रणाली आली.

जुन्या देहाला नवा मेंदू देणे म्हणजे तडजोड, असे मला वाटे. पण १९५२ मध्ये एमआयटीत दाखवलेले पहिले संख्यानियंत्रित मिलिंग मशीनदेखील नवे घडवलेले नव्हते. सिनसिनाटीच्या हायड्रोटेल मशीनमध्येच फेरफार करून ते तयार केले होते. या यंत्रजातीचा जन्मच अशा जोडकामातून झाला.

काकांची वही भावाने टाकली नाही. तिच्या पुढच्या कोऱ्या पानांवर तो नवे आकडे लिहितो, आणि प्रत्येक आकड्यापुढे मोजल्याची तारीख.