पायातलं कोल्हापूर

मुंबईहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली की सकाळी कोल्हापूर! अंबाबाईचं दर्शन, मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा आणि परतीच्या गाडीआधी शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमध्ये धावतं शॉपिंग... आपला वीकेंड साधारण असाच संपतो. यावेळी क्रम उलटा करा. चप्पल लाईनला आधी जा आणि हाताशी वेळ ठेवून जा.

सध्या ऑफिसात जिकडेतिकडे 'इको-फ्रेंडली'चा जप चालू आहे. बांबूचा टूथब्रश, ज्यूटची पर्स, बियांचे कानातले. आणि जिच्यात एक खिळाही नसतो, जी चामड्याच्याच वादीने शिवलेली असते, ती चप्पल मात्र आपण 'ट्रॅडिशनल डे'पुरती बाहेर काढतो. आहे की नाही गंमत?

खरी मजा आहे चामडं कमावण्यात. जुन्या पद्धतीत कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात. मग ते चक्क पिशवीसारखं शिवायचं, आत बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा अर्क भरायचा आणि टांगून ठेवायचं. अर्क हळूहळू मुरतो. या सगळ्यात काही आठवडे जातात. क्रोमियमचे क्षार वापरणाऱ्या कारखान्यात हेच काम एक-दोन दिवसांत उरकतं, पण त्या क्रोमियमच्या सांडपाण्याचं काय करायचं हा प्रश्न मागे राहतो. शिवाय 'व्हेगन लेदर' म्हणून मॉलमध्ये जे मिळतं, ते बऱ्याचदा पीयू नाहीतर पीव्हीसी असतं. म्हणजे प्लास्टिकच की!

पण म्हणून कोल्हापुरी म्हणजे डोळे झाकून 'ग्रीन', असंही नाही. बरंचसं चामडं आज बाहेरून, अगदी तमिळनाडूतूनही येतं. मार्च २०१५मध्ये महाराष्ट्रात गोहत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशीचं चामडं त्यातून सुटलं, तरी कच्चा माल दुर्मिळ झाला आणि दर चढले. पूर्वापार कातडी कमावणारा ढोर समाज आणि चपला शिवणारा चर्मकार समाज, फटका दोघांनाही बसला.

सुभाषनगरात एका कारागिराच्या घरी बसले होते. बाहेर काका तळ कापत होते, आत काकू चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालत होत्या. वेणी-गोंड्यांचं हे नाजूक काम बहुतेक घरांत बायकाच करतात, पण दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव कधी दिसत नाही. मुलगा हे शिकला का, असं विचारलं. "शिकलाय की! पण एमआयडीसीत लागलाय. म्हैन्याला पगार येतोय, हितं काय येतंय, ताई?" काकांनी मानही वर केली नाही.

२०१९मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर हुबेहूब तशाच चपला आणल्या, पण कोल्हापूरचं नाव कुठे घेतलं नाही. बोंब झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते कबूल केलं आणि डिसेंबर २०२५मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. छान झालं. पण प्राडाच्या किमतीवर हळहळणारे आपण चप्पल लाईनमध्ये शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो, त्याचं काय?

घेताना चप्पल उलटी करून बघा. तळ चामड्याच्या थरांचा आहे की रबराचा, शिलाई वादीची आहे की दोऱ्याची? "सालीचं चामडं की क्रोमचं?" हेही बिनधास्त विचारा. कापशी, कुरुंदवाडी, पुकारी असे प्रकार मागितलेत, तर समोरचा जरा सरसावून बसतो!

वेळ उरला तर गुजरीत चक्कर मारा. कोल्हापुरी साजाचे मणी आतून लाखेने भरलेले असतात, त्यामुळे थोडक्या सोन्यात भरगच्च दागिना होतो. तासाभरावरच्या हुपरीत चांदीचे पैंजण घडतात. आजीचे जुने पैंजण मोडीत काढून नवे घडवून घेणं म्हणजे तर रिसायकलिंगच.

आणि हो, नवी कोल्हापुरी चावते. आतून खोबरेल तेल लावा, पहिले काही दिवस तास-दोन तासच घाला. पाण्यापासून मात्र जपा. जूनमध्ये घेतलीत, तर पाऊस सरेपर्यंत कपाटातच ठेवा.