पाबळचे घुमट

पुण्याहून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर गाठायचे आणि उजवीकडे वळायचे. हळूहळू हिरवळ मागे पडते, माळरान सुरू होते आणि पाबळ येते. इतिहासप्रेमींना हे गाव मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक असते. आम्ही सहकुटुंब गेलो ते मात्र विज्ञान आश्रम बघायला.

नावात आश्रम असला तरी इथे प्रवचन नाही, भगवी वस्त्रे नाहीत. कानावर येतो तो वेल्डिंगचा चरचराट. अमेरिकेत पीएच.डी. केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ साली पत्नी मीराताईंसह या कोरडवाहू गावात आले. शाळेत न रमणाऱ्या मुलाला आपण 'ढ' म्हणून मोकळे होतो. कलबागांचे म्हणणे असे की, हाताने काम करत शिकणे हीच माणसाची नैसर्गिक रीत आहे. म्हणून इथला निवासी अभ्यासक्रम शाळा सुटलेल्या मुलांनाही खुला. वर्षभरात इंजिनिअरिंग, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य, सगळ्याला हात लावायचा. शिवाय कामे खोटी-खोटी नाहीत. गावाला लागणारी कामे, तीही मोबदला घेऊन. गिऱ्हाईक 'प्रयत्न चांगला होता' म्हणून मार्क देत नाही!

आवारात त्रिकोणांचे घुमट दिसतात. अशा साध्या अर्धगोल घुमटाला दोनच लांबीचे तुकडे लागतात: ३५ लांब, ३० आखूड. त्रिज्येला ०.६१८ ने गुणले की लांब, ०.५४७ ने गुणले की आखूड. म्हणजे दोन मीटर त्रिज्येला १.२४ आणि १.०९ मीटर. दशांश चिन्ह चुकले तर फळ्यावर फक्त फुली पडते. इथे शेवटचा त्रिकोण जुळतच नाही आणि सगळे खोलून पुन्हा बसावे लागते. दशांशाला कंटाळलेला मुलगा मग आपणहून टेप हातात घेतो. शनिवारवाड्यात जांभया देणारे आमचे चिरंजीव इथे तासभर हलेनात!

२००२ मध्ये एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक इथे सुरू झाली. २००३ साली कलबाग गेले, पण काम थांबले नाही.

एक प्रश्न मात्र आम्हाला परतीच्या वाटेवर छळत राहिला. घुमट उभारणाऱ्या मुलाला लग्नाच्या बाजारात 'दहावी नापास' असेच म्हणणार ना? आणि आपण तरी काय वेगळे करतो? इकडे गराजमध्ये हत्यारे लटकलेली असतात, पण मुलाने ड्रिल उचलले की आपण म्हणतो, "आधी होमवर्क संपव."

पुढच्या भारतवारीत नातेवाईकांच्या जेवणावळीतून एक दिवस पाबळसाठी काढा. आधी कळवून जा, म्हणजे काम चालू असताना बघायला मिळेल. मुलांना जुने कपडे घाला. हात काळे होऊ द्या.