धने रगडणारी आजी आणि नवा अभ्यासक्रम

सीबीएसईच्या शाळेत सहावीला विज्ञान शिकवायला रुजू झाले आणि वेळापत्रकात माझ्या नावापुढे आणखी एक विषय आला: ‘कौशल बोध’. एनसीईआरटीचं पुस्तक उघडलं आणि गोंधळूनच गेले. त्यात नेहमीसारखे धडे नव्हते, प्रकल्प होते. सजीवांसोबतचं काम, यंत्रं व साहित्यासोबतचं काम, माणसांच्या सेवेचं काम. दर वर्षी प्रत्येकातला एक, म्हणजे आठवीपर्यंत ९ प्रकल्प.

२०२०चं शैक्षणिक धोरण आणि २०२३चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा मी बी.एड.ला वाचला होता. शाळेची ५+३+३+४ ही रचना तोंडपाठ होती. पण भाजीचा वाफा कसा करतात? आणि मुलं विचारत होती, “टीचर, कुठली वही काढू?”

वाचू लागले तेव्हा कळलं, ही वाट आपल्याकडे जुनी आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९८३मध्ये डॉ. कलबागांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला; तिथे मुलं वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं हातानं करत शिकली.

धीर आला. वर्गातल्या एका मुलाच्या आजींना बोलावलं. त्यांनी माती भुसभुशीत केली, धने फरशीवर हलकेच रगडले आणि मग पेरले. मुलांनी विचारलं, “आजी, का रगडायचे?” त्या म्हणाल्या, “अख्खा धना नीट उगवत नाही बाळा, आमची आई असंच करायची.” मग मी पुढे झाले. धन्याचा दाणा म्हणजे फळ. त्यात दोन बिया असतात, रगडल्यावर त्या सुट्या होतात. आजी म्हणाल्या, “असं होय!” कृती त्यांच्याकडे होती, कारण माझ्याकडे. मुलांना दोन्ही एकाच तासाला मिळालं.

आता तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायचं केंद्रानं जाहीर केलंय. त्याचं मला भय वाटत नाही, पण आग्रह आहे. अशा विषयांना जोडतासिका द्या. एका तासिकेत वाफाही होत नाही. आम्हा शिक्षकांना पुस्तक हाती येण्याआधी प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण द्या. शेतकरी, सुतार, प्रोग्रामर यांना मानधन देऊन वर्गात आणा. काय शिकवायचं हे बदललं, तर शिकवणारी माणसंही वाढायला हवीत.